‘पारंपरिक’ लिहिण्याआधी

संगीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ असे भरताना मला अनेक वर्षे समाधान वाटत असे. मी पुण्यातल्या एका छोट्या लेबलसाठी रिलीजचा मेटाडेटा तयार करते. ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, मास्टरिंग सगळे उरकले की गाणे स्ट्रीमिंग सेवेवर चढण्याआधी त्याच्यासोबत जो तक्ता जातो, तो भरण्याचे काम माझ्याकडे असते. आमच्याकडे येते ते बहुतेक कीर्तन, भारूड, अभंग, गोंधळ, लावणी आणि थोडी ख्यालगायकी. हे संगीत कुणा एकाचे नाही, शेकडो गळ्यांतून झिरपत ते आपल्यापर्यंत आले आहे, त्यावर एका माणसाचे नाव डकवणे हा बाकीच्या सगळ्या गळ्यांचा अपमान आहे, असे मी मनापासून मानत होते. आता तोच शब्द मी अगदी शेवटी लिहिते, चार फोन करून झाल्यावर. हे मत का पालटले ते मला सांगायचे आहे. जुन्या मतामागची कारणे पोकळ नव्हती आणि त्यांतली एक-दोन मला आजही पटतात, म्हणून ती आधी मांडते.

तत्पूर्वी तक्त्याविषयी थोडे. ऐकणाऱ्याला फोनवर दिसते ते शीर्षक, गायकाचे नाव आणि एक चौकोनी चित्र. त्यामागे बरेच काही असते. संपूर्ण रिलीजला बारा किंवा तेरा आकडी बारकोड क्रमांक लागतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाची बारा अक्षर-अंकांची ओळख असते: आधी देणाऱ्याची खूण, मग वर्षाचे दोन अंक, मग पाच आकडी अनुक्रम. भारतात तिची व्यवस्था इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था पाहते. त्यातले वर्ष ध्वनिमुद्रणाचे नसते, क्रमांक दिला त्या वर्षाचे असते; नव्याने काम करणारे इथे हमखास गोंधळतात. मग मुख्य कलाकार, सहकलाकार, गीतकार, संगीतकार, संगीत संयोजक, भाषा, प्रकार, मूळ प्रकाशनाची तारीख, वर्तुळातल्या पी आणि वर्तुळातल्या सी या दोन हक्कओळी. हे सगळे डीडीईएक्स या संस्थेने ठरवून दिलेल्या साच्यातून, एक्सएमएल संदेशाच्या रूपात सेवेकडे जाते. त्या साच्यात ध्वनिमुद्रणे एका यादीत, रिलीज दुसऱ्या यादीत आणि कुठल्या देशात, कधीपासून, कोणत्या अटींवर वाजवायचे ते तिसऱ्या यादीत असते. आमच्यासारखी छोटी लेबले तो संदेश स्वतः लिहीत नाहीत. आम्ही डिस्ट्रिब्युटरच्या तक्त्यात भरतो, पुढचे तो बघतो. पण जे भरले जाते तेच शेवटपर्यंत पोहोचते. मध्ये बसून गाणे ऐकणारे आणि ‘अहो, ही चाल तर अमक्याची’ म्हणणारे कुणी नसते.

आता जुने मत. नाव लिहिणे म्हणजे कबजा करणे, ही माझी धास्ती होती आणि तिला आधार होता. गोंधळातली पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाणारी चाल कुणीतरी स्टुडिओत गिटार आणि ड्रम लावून मुद्रित करतो, संगीतकार म्हणून स्वतःचे नाव टाकतो, आणि रिलीज लाइव्ह झाली की आवाज जुळवणाऱ्या यंत्रणा कामाला लागतात. मग गावच्या जागरणाचा व्हिडिओ एखाद्या गोंधळ्याच्या पोराने चढवला की त्यावर दावा येतो. ज्याच्या घरात ती चाल चार पिढ्या नांदली, त्यालाच ती वापरायची परवानगी मागावी लागते. असे प्रकार मी जवळून पाहिले आहेत. ते पाहिल्यावर ‘पारंपरिक’ हा शब्द मला कुंपणासारखा वाटू लागला: इथे कुणी खुंटी ठोकायची नाही, ही जमीन गावाची आहे. म्हणून माझ्याकडे आलेल्या प्रत्येक अभंगाला, प्रत्येक भारुडाला मी तो शब्द देत गेले. कलाकारांनीही कधी हरकत घेतली नाही. त्यांना तक्ता दिसतच नव्हता.

पहिला प्रश्न अभंगांनी उभा केला. शब्द नामदेवांचे किंवा तुकोबांचे, म्हणजे शेकडो वर्षांचे. गीतकाराच्या रकान्यात संताचे नाव येते, यात वाद नाही. पण चाल? पंडित भीमसेन जोशींच्या गळ्यातून घराघरांत पोहोचलेल्या कितीतरी अभंगांच्या चाली राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांनी बांधलेल्या आहेत. लता मंगेशकरांच्या ‘अभंग तुकयाचे’चे संगीत खळ्यांचे. या चाली इतक्या रुजल्या की आज आळंदीच्या वाटेवर दिंडीत त्या ऐकू येतात आणि म्हणणाऱ्याला त्या ज्ञानोबांच्या काळापासून चालत आल्यासारख्या वाटतात. संगीतकाराला याहून मोठे यश काय मिळणार? पण त्याच यशाने त्याचे नाव पुसले जाते. नवा गायक ती चाल जशीच्या तशी गातो, तक्त्यात ‘पारंपरिक’ येते, आणि एका विसाव्या शतकातल्या माणसाने हार्मोनियमवर बसून, शब्दांचे वजन तोलून केलेले काम सातशे वर्षांच्या धुक्यात जमा होते. खळे २०११ साली गेले. आपल्या कायद्यात संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे त्यांच्या चालींवर २०७१ च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा किंवा ज्यांच्याकडे तो हक्क गेला त्यांचा अधिकार आहे. पण मला कायद्याआधी टोचली ती साधी गोष्ट: ज्याने केले त्याचे नाव ठाऊक असताना ते न लिहिणे.

तरीही मी स्वतःला समजावले की अभंगांची गोष्ट वेगळी. ती रेडिओची, ध्वनिमुद्रिकांची दुनिया. तिथे नावे नोंदलेली आहेत, शोधली की सापडतात. लोकसंगीत खरोखर निनावी असते. या समजुतीला धक्का दिला तो कऱ्हाडकडच्या एका भारूड गाणाऱ्या बुवांनी. मुद्रणानंतर चहा पिताना मी सवयीने विचारले, ‘‘बुवा, चाल पारंपरिकच ना?’’ ते म्हणाले, ‘‘पारंपरिक कशी, ताई? शब्द नाथांचे. चाल आमच्या नानांनी बांधलेली.’’ मग त्यांनी नानांविषयी सांगितले. कुठल्या जत्रेत ही चाल पहिल्यांदा म्हटली, आधीची चाल संथ होती म्हणून लोक उठून जायचे, नानांनी दुसऱ्या चरणाला संबळाच्या अंगाने झटका दिला आणि पब्लिक जाग्यावर बसले. शेजारच्या तालुक्यातला फड हीच चाल म्हणतो, पण म्हणण्याआधी नानांचे नाव घेतो, हेही सांगितले. म्हणजे त्या मुलखात या चालीचा कर्ता सर्वांना ठाऊक होता. निनावी ती फक्त माझ्या तक्त्यात होती.

त्यानंतर मी प्रत्येकाला विचारू लागले, आणि उत्तरे येऊ लागली. दर वेळी नाही. पण मला वाटले होते त्याहून फार जास्त वेळा. कुणी आजीचे नाव सांगे, कुणी गुरूचे, कुणी ‘आमच्या फडाने मिळून केली’ असे म्हणे. परंपरा जगणारी माणसे नावांच्या बाबतीत फार काटेकोर असतात, हे मला उशिरा दिसले. नाहीतर वारकरी संतांनी शेवटच्या चरणात आपली नाममुद्रा का गुंफली असती? कागद हरवो, पोथी बदलो, म्हणणारा निरक्षर असो. अभंग जाईल तिथे कर्त्याचे नाव त्याच्या पोटात बसून जाते. जनाबाईंसारख्या दासी म्हणून राबलेल्या बाईचे नाव इतकी शतके टिकले ते असेच. ख्यालाच्या बंदिशींतही हीच रीत. नियामत खाँ ‘सदारंग’ म्हणून बंदिशीत राहतात, फैयाज खाँ ‘प्रेमपिया’ म्हणून, आणि आपले जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’ म्हणून. गुणीदासांची बंदिश गाताना गायक स्वतःच्या तोंडाने संगीतकाराचे नाव उच्चारतो, आणि तरी तक्त्यात ‘पारंपरिक’ लिहिलेली अशी ध्वनिमुद्रणे मी सेवांवर ऐकली आहेत. उत्तर गाण्यातच आहे. तक्ता भरणाऱ्याने पुरते ऐकायला हवे होते.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा तिने गाणे संपताच इंग्रजीत स्वतःचे नाव सांगितले. त्याचे कारण असे दिले जाते की मूळ तबकड्या छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या लोकांना लेबलवर काय छापायचे ते कळावे म्हणून नाव आवाजातच बंदिस्त करीत. आवाजाबरोबर नाव वेगळ्या कागदावरून गेले तर वाटेत निसटेल, ही भीती तेव्हाही होती. आमचा सगळा व्यवसाय त्या भीतीवरच उभा आहे, असे म्हणायला हरकत नाही. फक्त गौहर जानने नाव स्वतः सांगितले. आज ते तिऱ्हाईताच्या हातात आहे, म्हणजे माझ्या.

जात्यावरच्या ओव्यांनी माझी उरलीसुरली शंका घालवली. ओवी म्हणजे निनावीपणाचा कळस, असे कुणीही म्हणेल. पण हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या १,००० हून अधिक गावांतून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओवीबरोबर बाईचे नाव आणि गावही लिहून घेतले. ३,००० हून अधिक बायकांची नावे. आता हा संग्रह पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियावर आहे, आणि एखादी ओवी उघडली की ती कुणी म्हटली, कुठल्या तालुक्यातल्या कुठल्या गावात, हे सोबत मिळते. ती ओवी त्या बाईने रचली असा दावा तिथे नाही. तिने ती म्हटली, आणि म्हणणारी ती होती, एवढेच आहे. एवढेच लिहिल्याने कुणाचा कबजा होत नाही आणि कुणी पुसलेही जात नाही. माझ्या कुंपणाच्या कल्पनेला इतके चांगले उत्तर मला दुसरीकडे मिळाले नाही.

तेव्हापासून मी ‘कोणाचे?’ हा एक प्रश्न विचारायचे सोडून दिले आहे. तक्त्यात मुळातच अनेक रकाने आहेत, ते वेगवेगळे भरता येतात. शब्द पारंपरिक, चाल अमक्याची. किंवा शब्द संतांचे, चाल पारंपरिक, संगीत संयोजन तमक्याचे. गिटार आणि ड्रम लावणाऱ्या तरुणाला त्याच्या कामाचे नाव मिळते, संगीतकाराच्या जागेवर मात्र तो बसत नाही. यावर माझे काही कलाकारांशी कडाक्याचे वाद झाले आहेत. एकाने तर रिलीज दुसरीकडे नेली. माझी जुनी धास्ती या ठिकाणी अजून तितकीच जागी आहे. नाव लिहिण्याचा आग्रह धरणाऱ्याने कोणते नाव लिहायचे नाही याचाही आग्रह धरायला हवा.

एक रचना आणि तिची अनेक ध्वनिमुद्रणे हा फरक मराठी माणसाला ‘गीतरामायणा’वरून लगेच कळतो. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, ५६ गीते. १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर ती प्रसारित झाली तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा अनेकांनी गायली. पुढे फडक्यांनी सगळी स्वतःच्या आवाजात मुद्रित केली. रचना तीच, मुद्रणे वेगळी, म्हणून आयएसआरसी वेगवेगळे. रचनेला स्वतःचा क्रमांक असतो, आयएसडब्ल्यूसी, आणि तो या सर्व मुद्रणांना एकत्र बांधतो. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. पण कुठल्या मुद्रणात कुठली रचना आहे हे कळल्याशिवाय तिलाही पैसे पोहोचवता येत नाहीत. तक्त्यात संगीतकार कोरा किंवा ‘पारंपरिक’ असला की तो धागा तिथेच तुटतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिला की तो करारात सहज लिहून घेता येत नाही, आणि सादर करणाऱ्या कलाकाराला आपले नाव लावले जाण्याचा हक्कही दिला. कायदा चांगला आहे. पण त्याची सुरुवात माझ्या टेबलावर होते, हे मला फार काळ जाणवलेच नव्हते.

पैशाचा मुद्दा मात्र मी मुद्दाम दुसऱ्या जागी ठेवते. पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क कधीच संपला, आज त्यांची लावणी कुणीही मुद्रित करू शकतो, कुणाला एक रुपया द्यावा लागत नाही. तरी गीतकाराच्या रकान्यात त्यांचे नाव यायला हवे. फडावर आयुष्य काढून शेवटी हलाखीत गेलेल्या माणसाला निदान त्याच्या ओळींखाली तरी जागा मिळायला हवी. हक्क संपतो, कर्तेपण संपत नाही.

नावे लिहायची ठरवल्यावर पुढची कटकट सुरू होते, ती म्हणजे कुठले नाव. बालगंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व, कुमार गंधर्व ही चार वेगळी माणसे आहेत हे आपल्याला सांगावे लागत नाही, सेवेच्या यंत्रणेला सांगावे लागते. नाव रोमन लिपीत जरा इकडेतिकडे झाले की एकाचे पद दुसऱ्याच्या पानावर जाऊन बसते किंवा त्याच गायकाचे दुसरे पान तयार होते. म्हणून नावाबरोबर त्या सेवेवरचा कलाकाराचा ओळखक्रमांकही द्यायचा. टोपणनावांचे उलटे. लता मंगेशकरांनी ‘मराठा तितुका मेळवावा’ किंवा ‘साधी माणसं’ला संगीत दिले ते आनंदघन या नावाने. ‘खरे नाव’ लिहिण्याच्या उत्साहात ते काढून टाकणे मला चूक वाटते. कलाकाराने ज्या नावाने काम समोर ठेवले ते नाव तसेच राहावे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे संगीतकारांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीतल्या आयपीआय क्रमांकातून जुळते, रसिकाच्या डोळ्यांसमोर ते बदलायची गरज नाही. ज्ञानेश्वर हे नाव रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहिले जाते. आम्ही एक तऱ्हा ठरवली आणि देवनागरी शीर्षक प्रत्येक रिलीजमध्ये वेगळे भरतो. गोव्याचे काम असले तर भाषेपासूनच प्रश्न येतो. कोकणीला दोन अक्षरी आंतरराष्ट्रीय भाषासंकेतच नाही, तीन अक्षरी आहे. दोन अक्षरी यादीवर चालणाऱ्या तक्त्यात ती सापडतच नाही. अशा वेळी जवळची म्हणून मराठी निवडणारे आहेत. मी डिस्ट्रिब्युटरला पत्र लिहून तीन अक्षरी संकेत घालायला लावते, त्यात काही दिवस गेले तरी चालतील.

आणि साथीदार. जुन्या तबकड्यांच्या लेबलांवर गायक असे, नाटक असे, पुष्कळदा रागही असे. तबल्यावर कोण, ऑर्गनवर कोण, हे क्वचितच. तिथे जागा नव्हती असे म्हणता येईल. आता जागा आहे. वादकाचे नाव आणि वाद्य लिहिण्याची सोय साच्यात आहे, सेवाही ते श्रेयात दाखवू लागल्या आहेत, आणि तरीही माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक नोंदींत पखवाजवाल्याचे पूर्ण नाव नसते. ‘आपला बंडू’ असे असते. मग मी बंडूला फोन लावते, त्याचे पूर्ण नाव, त्याला ते कसे लिहिलेले हवे आहे, गुरूचे नाव घालायचे का, हे विचारते. या फोनवर पलीकडचा माणूस क्षणभर थांबतो, मग सावकाश, एकेक अक्षर सुटे करून नाव सांगतो. माझ्या कामातले हे मला सर्वांत प्रिय झाले आहे.

‘पारंपरिक’ मी आजही लिहिते. काही ओव्या, काही गौळणी, वासुदेवाची काही गाणी अशी आहेत की विचारून, शोधून, दोन-तीन गावांत फोन करूनही कर्ता सापडत नाही, आणि म्हणणारेही तो सांगत नाहीत. तिथे तो शब्द खरा आहे. तिथे दुसरे कुठलेही नाव घालणे खोटे ठरेल, आणि तिथे मी जुन्याच हट्टाने उभी राहते. फरक पडला आहे तो वेळापत्रकात. पूर्वी मास्टर आला की दोन दिवसांत रिलीज पाठवत असू. आता नावांसाठी निदान तीन आठवडे मागते, आणि लेबलचे मालक कुरकुर करत का होईना, देतात.

सध्या खानदेशातल्या एका फडाचा अल्बम हातात आहे. नऊ ट्रॅक पूर्ण आहेत, एकाचा संगीतकार रकाना रिकामा आहे. फडप्रमुखांचे म्हणणे, चाल त्यांच्या वडिलांच्या जोडीदाराची. त्या जोडीदाराची मुलगी धुळ्याला असते असे कळले आहे, तिचा नंबर शोधणे चालू आहे. प्रकाशनाची तारीख पुढे ढकलली आहे. डिस्ट्रिब्युटरने विचारले, तात्पुरते ‘पारंपरिक’ टाकून नंतर दुरुस्ती पाठवायची का? तांत्रिकदृष्ट्या तसे करता येते. मी नको म्हणून कळवले.